खळीचं सूत

आमच्या अंगणात इंजिन आलं त्या दिवशी मी नवऱ्याशी बोलले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. नागपुरात तांडापेठेत आमची दीड खोली. त्यात आम्ही दोघं, एक ट्रंक आणि शिलाई मशीन, एवढ्यातच श्वास कोंडायचा. पुढच्या अंगणात माझी चूल आणि धुण्याचा दगड. त्या दगडावर आमच्या ह्यांनी, म्हणजे गिरिधरने, कोणाच्या तरी विहिरीवरून उतरवलेलं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आणून ठेवलं.

"हे कायले?" मी विचारलं. शेवटी बोलावंच लागलं, धुणं तुंबलं होतं.

"बाबाच्या नावेले लावतो."

ज्या गोष्टीला मनातून विरोध असतो आणि तोंडाने करता येत नाही, ती ही गोष्ट होती.

माझे सासरे, श्रावण त्यांचं नाव, मी त्यांना मामाजी म्हणते, कुहीच्या पुढे वैनगंगेच्या काठी राहायचे. आम्ही ढिवर. मामाजींनी बेचाळीस वर्षं त्या घाटावर नाव वल्हवली. लग्नाची वरात, बाजाराची माणसं, शेळ्या, एकदा तर कोणाची हार्मोनियम, सगळं त्यांनी पार नेलं. सासूबाई गेल्यावर ते एकटेच होते. दोन वर्षांपूर्वी घाटाच्या ओल्या पायरीवरून पडले आणि उजवा खांदा कायमचा गेला. वल्हं उचलेना. तेव्हापासून नाव काठावर पालथी पडली होती आणि मामाजी तिच्या सावलीत बसून असत. दर दिवाळीला आम्ही म्हणायचो, नागपूरला चला. दर दिवाळीला ते म्हणायचे, "नाव पालथी आहे, मेली नाही."

त्या वर्षी बापलेकांत करार झाला. वल्ह्याऐवजी इंजिन बसवायचं. चालू करायला हँडल मारावं लागतं, पण तेवढे हात घाटावर नेहमीच असतात. सुकाणू मामाजी डाव्या हाताने धरतील. कार्तिक पुनवेला पलीकडच्या काठावर जत्रा भरते. त्या दिवशी नाव इंजिनाच्या दमावर माणसं पार नेऊन परत आली, तर मामाजी मरेपर्यंत गावातच राहतील. नाही आली, तर सामान बांधून आमच्यासोबत नागपूरला. मामाजी शब्दाचे पक्के. तोंडातून गेलं म्हणजे गेलं.

आता माझं सांगते. मला ते आमच्याकडे हवे होते. सुनेने सासरा मागितला असं कोणी ऐकलंय का? पण खरं तेच. माझे वडील मला आठवतही नाहीत, मी पाळण्यात असताना गेले. लग्नानंतर पहिलं वर्ष मी गावी राहिले. मामाजी रोज नदीवरून आले की दारातूनच, माझ्याकडे न बघता, सासूबाईंना विचारायचे, "पोरगी जेवली का?" रोज. त्याआधी मी जेवले की नाही याची चौकशी जगात कोणी केली नव्हती. मग ह्यांना कॉटन मार्केटजवळ पंप दुरुस्तीच्या दुकानात काम लागलं आणि आम्ही शहरात आलो. हे सकाळी नऊला जातात, दिवे लागल्यावर येतात. मूलबाळ झालं नाही. दिवसभर मी आणि मशीन. म्हणून मी ट्रंक कोपऱ्यातून हलवून एका माणसाच्या बाजेची जागा करून ठेवली होती आणि त्या जागेकडे बघत इंजिनाला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

इंजिन दुरुस्त करायला ह्यांच्या जोडीला होते रुपराव, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे कोष्टी. तीन पिढ्या लुगडी विणणारं घर, पण त्याच वर्षी त्यांचा माग बंद पडला होता आणि रिकामा माणूस हाताला काम शोधत होता. काम सापडलं ते असं. इंजिनाचा पंखा पाण्यात फिरणार, म्हणजे नावेच्या मागच्या बाजूला भोक पाडून त्यातून शाफ्ट बाहेर काढायचा. शाफ्टभोवतीच्या फटीतून पाणी आत येऊ नये म्हणून तिथे दोरी गुंडाळून वरून नट आवळतात. मिस्त्री लोक तिला ग्लँडची डोरी म्हणतात. बाजारातली डोरी ह्यांच्या शाफ्टच्या फटीला बारीक पडत होती.

"दोरीच पायजे न?" रुपराव म्हणाले. "भाऊ, कोष्ट्याच्या शेजारी राहून दोरी बाजारातून आनून राहिले तुम्ही! लाज वाटू द्या थोडी."

त्यांनी बंद मागावरचा शेवटचा ताणा, म्हणजे उभं सूत, कापला. लुगडं होणार होतं, राहून गेलं होतं. त्या सुताचे पीळ घालून त्यांनी अंगठ्याएवढी जाड दोरी वळली, कडक, सरळ उभी राहील अशी. वरून ग्रीस चोपडलं. उरलेल्या सुताची लड वेळप्रसंगी असावी म्हणून सोबत घेतली. शेवटचा ताणा असा नदीला जाणार म्हणून त्यांचे डोळे जरा भरले होते. मी चहा दिला आणि बघितलं नाही असं दाखवलं.

दिवाळी झाल्यावर धान आणायला जाणाऱ्या एका रिकाम्या ट्रकवर इंजिन चढवलं आणि आम्ही तिघं गावी पोचलो. सुताराने नावेच्या चार फळ्या बदलल्या होत्या, डांबर फासलं होतं. मामाजींनी दाढी केली होती. नावेला हळदकुंकू झालं, नारळ फुटला, सगळा गाव घाटावर लोटला. ह्यांनी हँडल मारलं. इंजिन धडधडलं, शाफ्ट फिरवणारा पट्टा फिरला, पंख्याने पाणी उडवलं आणि नाव ऐटीत मागे निघाली.

मागे म्हणजे सरळ मागे, काठावरच्या चिखलात. बायका लुगडी सावरत पळाल्या. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

"श्रावणबुवा," कोणीतरी ओरडलं, "पार जायचं आहे, घरी नाही!"

मामाजी सुकाणू धरून ताठ बसले होते. हसले नाहीत, रागावले नाहीत. "पुढं नाही गेली, पन गेली न?" एवढंच म्हणाले.

इंजिन ज्या बाजूला फिरतं त्याच्या उलट बाजूचा पंखा ह्यांनी आणला होता. तो दुसरा मिळायला आठवडा गेला असता. पण रुपरावांनी पिठाच्या गिरणीत बघितलं होतं, त्यांनी पट्टा काढून त्याला एक पीळ दिला, आठाच्या आकड्यासारखा, आणि परत चढवला. शाफ्ट उलटा फिरायला लागला आणि नाव पुढे गेली. ह्यांनी रुपरावांना मिठी मारली. मी लांबून बघत होते, माझं तोंड कडू झालं.

मग इंजिन तापायला लागलं. थंड करायला नदीचं पाणी ओढणारी नळी होती, तिच्या तोंडाशी शेवाळ अडकायचं. तो उपाय मीच सुचवला, माझ्या जुन्या लुगड्याचा विरळ तुकडा नळीच्या तोंडाला बांधला. का सुचवला कोण जाणे. इतक्या माणसांसमोर शहाणपण दाखवायची हौस, दुसरं काय!

तिसरं दुखणं मात्र जाईना. नाव पाऊण तास छान चालायची, मग बुडात पाणी चढायचं. चढलं की पट्टा भिजायचा. भिजला की पुलीवर नुसता घसरायचा, इंजिन ओरडत राहायचं आणि नाव मधेच उभी. दोनदा लोकांनी डोंग्यातून जाऊन दोर बांधून ओढून आणली. पाणी येत होतं ते शाफ्टभोवतीच्या त्या फटीतूनच. आमचे हे वाकून नट आवळायचे. अर्धा तास बरं. परत पाणी. परत आवळायचे. शेवटी नटाचे आटे संपले.

"दोरीत काही आहे का?" हे म्हणाले.

"दोरीत?" रुपरावांचा चेहरा उतरला. "भाऊ, शाफ्ट वाकला असंल तुमचा. माह्या सुतात खोट नाही."

शाफ्ट काढला, तपासला. सरळ होता. परत बसवला.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना आवडली होती. नाव उभी राहिली की तिच्या मागच्या अंगाला बारीक मासोळ्यांचा थवा जमायचा. शाफ्टपाशी तोंडं लावून लुचत राहायच्या. लोक म्हणाले, शकुन आहे. मामाजी तर खुलून गेले. "पाहा वं," मला म्हणाले, "दोन वर्सानं आली, पन नदीनं ओळखली तिले." ज्या माणसाने जन्मभर कणकेच्या गोळ्या टाकून मासे धरले, त्याला मासे कशाला जमतात ते कळू नये! पण माणसाला जे हवं असतं तेच दिसतं. मी तरी कुठे वेगळी होते?

चतुर्दशीच्या सकाळी मी तेलाच्या डब्याने नावेतलं पाणी उपसत होते. हे आणि रुपराव काठावर पट्टा वाळवत बसले होते. डब्यातलं पाणी मला दुधट दिसलं. बोटं घातली, तर बुळबुळीत. नाकाशी नेलं. आंबूस, शिळ्या पेजेचा वास. आणि माझे हात जागच्या जागी थांबले, कारण हे पाणी मी शंभर वेळा बघितलं होतं. कोरं लुगडं पहिल्यांदा धुवायला घेतलं की अगदी असंच पाणी निघतं.

खळ! ताण्याचं सूत मागावर तुटू नये म्हणून कोष्टी त्याला तांदळाची खळ लावतात. त्याने सूत कडक होतं, गुळगुळीत होतं. आणि पहिल्या धुण्यात सगळी खळ निघून जाते, लुगडं अर्ध्यावर येतं, मऊ पडतं. रुपरावांची दोरी खळीमुळे जाड होती. पाण्यात ती खळ विरघळत होती, मासे ती खात होते, आणि रोज दोरी बारीक होत होती. तीन पिढ्या लुगडी विणली, पण कोष्टी लुगडं विणतो, धूत नाही. धुणं बायकांचं.

तोंडाशी आलेलं मी गिळलं.

उद्या पुनव. बोलले नाही तर नाव पार जाणार नाही. नाव गेली नाही तर मामाजी आमच्याकडे येणार. मी काही बिघडवत नव्हते, नुसती गप्प बसत होते. गप्प बसणं काही पाप आहे का? वर मनाला सांगितलं, रुपरावांना किती वाईट वाटेल, त्यांचा शेवटचा ताणा. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायला मन फार हुशार असतं. मी डबा भरभरून ते दुधट पाणी नदीत फेकलं, कोणाला दिसू नये म्हणून. दिवसभर कोणाशी नीट बोलले नाही. हे म्हणाले, तुझं डोकं दुखतं का? म्हटलं, हो.

पुनवेच्या सकाळी चहा घेऊन मामाजींकडे गेले, तर ते सामान बांधत होते. एका हाताने. धोतराची घडी दाताने धरून. जाळं त्यांनी शेजारच्या ढिवराला देऊन टाकलं होतं, खुंटी रिकामी होती.

"मामाजी, आज पुनव आहे. दिवस जायचा आहे अजून."

"जाते दिवस," ते म्हणाले. "आटे संपले नटाचे. मी काय अडानी आहो?" मग घडीकडेच बघत, "नागपूरच्या घरातून काय दिसते वं?"

मला खोटं सुचलं नाही. "समोरच्या घराची भिंत. अन् नळ."

"नळ." त्यांनी मान हलवली. "कवा येते?"

"सकाळी. तासभर."

"मंग मी भरत जाईन," ते म्हणाले. "डाव्या हातानं बादली उचलते मले. तेवढंच पान्याजवळ बसनं होते."

मी चहा तिथेच ठेवला आणि पळाले. काठावर गेले, पट्ट्याशी झटणाऱ्या त्या दोघांसमोर उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. खळ, मासे, दुधट पाणी, सगळं. फक्त कधी कळलं, ते सांगितलं नाही.

रुपराव खाली बसले. त्यांनी शाफ्टवरची दोरी सोडवली. अंगठ्याएवढी होती, करंगळीएवढी उरली होती. हातच्या काकणाला आरसा कशाला! मला वाटलं, हा माणूस आता रडतो.

"तीन पिढ्या झाल्या बाप्पा," ते म्हणाले, "अन् अक्कल धोब्याच्या दगडावर राहिली!" आणि पोट धरून हसायला लागले. हे हसले, मी हसले.

मग वेळ घालवला नाही. सोबत आणलेली उरलेल्या सुताची लड मी सोड्याच्या पाण्यात उकळली, घाटाच्या दगडावर आपटली, पिळली, परत आपटली. पाणी स्वच्छ निघेपर्यंत. गावातल्या चार बायका आल्या, त्यांनी लड वाळूवर पसरली, उलटीपालटी केली. दुपारपर्यंत सूत वाळलं, कापसासारखं मऊ. रुपरावांनी परत दोरी वळली, या वेळी घट्ट, आणि मेण-ग्रीस आतपर्यंत मुरवलं. ह्यांनी कुठल्याशा पंपाचा जुना नट घासून बसवला.

तीनच्या सुमाराला नाव निघाली. पंधरा माणसं, दोन शेळ्या, कोणाचा तरी जावई. मामाजी सुकाणूवर. मी बुडाकडे बघत बसले. पाण्याचे थेंब येत होते, एखाददुसरा, शाफ्ट ओला राहायला तेवढे लागतातच. मागे मासोळी एक नव्हती. नाव पार गेली. जत्रेची माणसं उतरली, आणि हे आणि रुपराव ढोलाच्या आवाजाकडे शाळा सुटलेल्या पोरांसारखे पळाले.

करार परतीचाही होता. परतीला नावेत मामाजी आणि मी, दोघंच. मी सवयीने डोक्यावर पदर घेऊन खाली बुडात बसायला गेले, सासऱ्यासमोर सून फळीवर बसत नाही.

"वर बस," ते म्हणाले. "पुढच्या फळीवर. नावेत सून नसते, सासरा नसते. वजन असते."

मी बसले. समोरासमोर. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा एवढा सरळ बघितला. त्यावर जो आनंद होता तो मी काल जवळपास बुडवला होता.

"मामाजी, मले कालच समजलं होतं," मी म्हणाले.

इंजिनाच्या धडधडीत त्यांना ऐकू गेलं नाही. कानाला हात लावला. मी ओरडले. परत ओरडले. अशी गोष्ट ओरडून सांगायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये. त्यांनी वाकून इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं आणि नाव प्रवाहावर हळूहळू वाहायला लागली.

"आता सांग."

"मले कालच समजलं होतं. सकाळी. खळीचं. मी सांगतलं नाही."

"काहून?"

"तुम्ही यावं म्हनून. आमच्याकडं. म्हनून मी नाव पार जाऊ देनार नव्हती."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डावा हात पाण्यात बुडवला, तसाच ठेवला.

"मले वाटे," ते शेवटी म्हणाले, "गिरिधर लोकलाजेनं नेऊन राहिला. म्हातारा बाप एकटा ठेवला, असं लोकायनं म्हनू नये म्हनून. अन् तू त्याच्या मागं हो म्हनून राहिली." त्यांनी पाण्यातला हात बाहेर काढला. "बेचाळीस वर्सं मी लोकायले पार नेलं. उतरले का मांगं पाहात नाही कोनी. माह्यासाठी कोनी नाव बुडवाले निघालं, हे आज पाहून राहिलो."

मला रडू फुटलं. लपवायला जागा नव्हती, तशीच समोर बसून रडले.

"मी येनार नाही," ते म्हणाले. "शब्द झाला आहे. नाव चालली."

"हो."

"पन चैतात नदी उतरते. वाळू उघडी पडते, नाव काठावर चढवा लागते. दोन महिने." ते पाण्याकडे बघत होते. कोणाकडे काही मागायची सवय नव्हती त्या माणसाला, दिसतच होतं. "तवा न्यायले येशील का मले?"

मी मान हलवली.

"तोंडानं सांग वं. शब्द पायजे मले."

"येईन, मामाजी."

"मंग ऊठ, हँडल मार. वाहून चाललो आपुन, असंच बसलो तं पवनीले पोचू."

हँडल हलकं फिरावं म्हणून त्यांनी डाव्या हाताने इंजिनाची कळ दाबून धरली. मी उठले. डोळे तसेच गळत होते, पण पुसले नाहीत. हँडलला दोन्ही हात लागतात.